माझ्या लॉगिनवर कोण बसलंय

काम साधं होतं. एका जुन्या कंप्युटरवर चालणारा प्रोग्रॅम उचलायचा आणि नव्या कंप्युटरवर नेऊन बसवायचा. असली कामं मी डोळे मिटून करतो. कॉलेज मधेच सोडल्यापासून घरातले माझ्याकडे वाया गेलेल्या दुधासारखं बघतात, पण कुणाचा कंप्युटर अडला की पहिला फोन मलाच येतो.

या वेळी फोन मामाचा होता. "घरचंच काम आहे रे," म्हणाला. घरचं काम म्हणजे फुकट, हे आमच्याकडे वेगळं सांगावं लागत नाही.

मामाचं शुश्रूषागृह आहे. घरी सांभाळणं जमत नाही अशी माणसं तिथे आणून ठेवतात आणि सुट्टीच्या दिवशी फळं घेऊन बघायला येतात. दुमजली इमारत. खाली कचेरी आणि स्वयंपाकघर, वर लांबलचक वॉर्ड. त्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर माझे बाबा होते.

बाबा मुख्याध्यापक. आयुष्यभर हजेरी घेतली, शाळेत आणि घरातसुद्धा. मी आतल्या खोलीत अभ्यासाला बसलो की बाहेरून हाक यायची, "आहेस का रे?" मी म्हणायचो, "आहे ना." त्या 'ना'साठी मी पुष्कळ मार खाल्लाय. कॉलेज सोडल्याचं सांगितलं त्या दिवशी ते माझ्याशी बोलायचे थांबले. पुढे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचाच गेली. बोलता येत होतं तेव्हा बोलले नाहीत, आणि आता नातेवाईक मला सांगतात, त्यांना तुझ्याशी खूप बोलायचं असेल रे. असेल. सोय बघून आठवतं माणसांना.

आता त्यांचा एक अंगठा तेवढा हलतो. त्या अंगठ्याखाली बटण बांधलंय. घशात कफ अडकला की ते बटण दाबतात, सिस्टर कफ ओढायचं यंत्र घेऊन धावते. उशीर झाला तर माणूस गुदमरतो. थोडक्यात, ते बटण म्हणजे बाबांचा श्वास. एवढं लक्षात ठेवा, बाकीचं मी सांगतो.

प्रत्येक खाटेला असं बटण आहे. बटण दाबलं की निरोप खालच्या कंप्युटरवर जातो. तिथला प्रोग्रॅम तो एका वेबपानावर दाखवतो, आणि ते पान सिस्टरच्या टेबलावरच्या स्क्रीनवर कायम उघडं असतं. प्रोग्रॅम चालू असेपर्यंत बटणावर बारीक हिरवा दिवा. प्रोग्रॅम थांबला की दिवे विझतात आणि वॉर्डात भोंगा वाजतो. हे सगळं एका म्हाताऱ्याने एकट्याने उभं केलं होतं. सगळे त्याला सर्व्हरकाका म्हणायचे. मागच्या उन्हाळ्यात तो गेला. कंप्युटर मात्र चालूच होता.

"डिस्क टकटक करायला लागलीये," मामा किल्ली देत म्हणाला. "नवीन मशिन आणून ठेवलंय. हलव त्याच्यावर."

खोली जिन्याखाली होती. दार उघडलं तसा आधी लवंगेचा वास आला, मग तापलेल्या धुळीचा. खिडकी नव्हतीच. तिथे सकाळ काय आणि संध्याकाळ काय, एकाच पिवळ्या बल्बवर सगळा दिवस. टेबलावर जुना कंप्युटर घरघरत होता, छातीत कफ झालेल्या माणसासारखा. समोर रेक्झिनची खुर्ची, हातांवरचा स्पंज निघालेला, आणि बैठकीला मधोमध खोल खळगा. मी स्टूल ओढून घेतलं. खुर्चीत का बसलो नाही, सांगता येत नाही. किळस आली म्हणा.

कीबोर्ड नव्हता.

"तो मी कचेरीत नेला," मामा म्हणाला. "आमचा बिघडला होता. इथे कोण टाइप करणार होतं?"

मामा असाच. म्हाताऱ्याचा चष्मासुद्धा कुणाला तरी बसतोय का बघितलं असेल त्याने.

मी माझ्या पिशवीतला कीबोर्ड काढून जोडला आणि स्क्रीनकडे बघितलं. काळी खिडकी, पांढऱ्या ओळी. अमुक खाट, घंटी. तमुक खाट, घंटी. आणि मधूनमधून दोनच शब्दांचा एक प्रश्न आणि खाली त्याचं उत्तर.

आहात का?
आहे.

यात नवल काही नाही. सर्व्हरच्या जगात एक प्रोग्रॅम दुसऱ्याला असं विचारत राहतोच, जिवंत आहेस ना म्हणून. म्हाताऱ्याने ते मराठीत लिहिलं होतं इतकंच. मला हसू आलं.

पुढे बघितलं आणि जास्तच हसू आलं. प्रोग्रॅम नीट बसवलेलाच नव्हता. काकाच्या लॉगिनमध्ये एक खिडकी उघडून तिच्यात सुरू करून ठेवला होता. दुकान उघडं टाकून मालक निघून जावा, तसं. कुणी ती खिडकी बंद केली, किंवा काकाचं लॉगिन बंद केलं, की खेळ खलास. आणि एवढ्या एका खिडकीच्या भरवशावर वर अख्खा वॉर्ड झोपलेला. म्हातारी माणसं अनुभवाच्या गोष्टी सांगतात तेव्हा मला असल्या खिडक्या आठवतात.

नव्या मशिनवर लिनक्स ही वेगळी प्रणाली होती. जुन्यावर विंडोज. प्रोग्रॅम नुसता उचलून ठेवला तर चालत नाही, सासरी गेल्यावर सगळ्याच सवयी बदलाव्या लागतात. फायलींच्या वाटा उलट्या तिरक्या रेघांनी लिहिलेल्या, त्या सुलट केल्या. विंडोजला मोठं अक्षर आणि लहान अक्षर एकच, लिनक्सला ती दोन वेगळी माणसं. काकाने कुठे कसं तर कुठे कसं लिहिलेलं, ती नावं एकसारखी केली. शेवटी प्रोग्रॅम उठला. पान उघडलं, खाटा दिसल्या. मी पाठ टेकतोय तोवर त्याने विचारलं, आहात का? थोडा थांबला. आणि बंद पडला.

पुन्हा सुरू केला. तोच प्रश्न, तोच थांबा, बंद.

कोसळणारा प्रोग्रॅम मला कळतो. तो आरडाओरडा करतो, कुठे लागलं ते सांगतो. याने काहीच सांगितलं नाही. कुणी विचारावं, घरात आहात का, आतून ओ येऊ नये, आणि विचारणाऱ्याने दार लोटून घेऊन निघून जावं, तसा तो थांबत होता.

मग जुन्या मशिनवर याला उत्तर देणारा दुसरा प्रोग्रॅम असणार. तो आणायचा राहिला. मी जुन्या मशिनवर चालू असलेल्या सगळ्या गोष्टींची यादी काढली. एकेक तपासली. वेळ ठरवून चालणारी कामं बघितली, लपवलेली बघितली. उत्तर देणारं तिथे काहीच नव्हतं.

शेवटी काकाचा मूळ कोड वाचायला घेतला, जो आधी वाचायला हवा होता. ती जागा सापडली. प्रोग्रॅम प्रश्न विचारतो, आणि उत्तरासाठी फक्त एकाच ठिकाणी बघतो.

कीबोर्डकडे. समोर बसलेल्या माणसाने टाइप करायचं. नाही केलं, तर दिवे विझवायचे आणि भोंगा वाजवायचा.

मी जुन्या मशिनकडे वळलो. माझा कीबोर्ड त्याला जोडलेला होता, पण मी त्याच्यावर 'आहे' लिहिलं नव्हतं. आणि मी येण्याआधी तर तिथे कीबोर्डच नव्हता.

वायर हळूच उपसली आणि कीबोर्ड मांडीवर घेऊन बसलो.

पंख्याची घरघर. डिस्कची टकटक. वर कुणीतरी पाण्याची बादली ओढत नेली, तो आवाज छतावरून सरकत गेला. लवंगेचा वास आता जवळून यायला लागला… तोंडात लवंग धरून कुणी श्वास सोडावा, तसा.

आहात का?

मी श्वास धरून बघत होतो. स्क्रीनवर 'आ' उमटला. मग बराच वेळ काही नाही. मग 'य' आला. थांबला. 'य' पुसला गेला. त्या जागी 'ह' आला, आणि सावकाश त्याच्यावर मात्रा चढली.

आहे.

एका बोटाने, चष्म्याशिवाय, चूक सुधारत.

माझ्या बाजूला खुर्चीची स्प्रिंग किर्र वाजली. मी तिकडे बघितलं नाही. किल्ली टेबलावरच टाकून वर गेलो.

वॉर्डात दुपारची सामसूम होती. मोठ्या सिस्टर चादरींच्या घड्या घालत होत्या. या बाई मामाच्या आधीपासून इथे आहेत, आणि मामासुद्धा त्यांच्यापुढे आवाज खाली ठेवतो.

"सिस्टर, खाली कीबोर्ड नाहीये."

"माहितीये."

"मग उत्तर कोण देतं?"

त्यांनी घडी पुरी केली. "हळू बोल. आत्ता कुठे डोळा लागलाय सगळ्यांचा."

मी बाबांच्या खाटेकडे बघितलं. खिडकीजवळ त्यांचे डोळे मिटलेले होते, अंगठ्याशी हिरवा ठिपका.

"पूर्वी हा प्रश्न नव्हता," सिस्टर म्हणाल्या. "एकदा तो प्रोग्रॅम आतल्या आत अडकला. दिवे हिरवेच. इथे एक बाई होती, बटण दाबत राहिली, दाबत राहिली… आम्हाला काही दिसलंच नाही. हिरव्या दिव्याकडे बघत गेली ती. त्यानंतर तुझ्या त्या काकाने हे घातलं. म्हणाला, समोर माणूस बसलेला असेल तरच दिवा हिरवा राहील. मशिनवर मशिनचा पहारा नको. तेव्हापासून खुर्ची सोडली नाही त्याने. तिथेच जेवायचा, तोंडात लवंग धरून तिथेच पेंगायचा."

"आणि गेला तेव्हा? भोंगा वाजला असेल ना?"

"वाजायला हवा होता." त्यांनी दुसरी चादर झटकली. "डबा दाराशी तसाच राहायला लागला. पण तो रुसला की तसंच करायचा. दिवे हिरवे होते, आम्हाला वाटलं, आहे की खाली. वास यायला लागला… तेव्हा दार उघडलं."

"आणि नंतर?"

"नंतर काय. दिवे अजून हिरवेच आहेत."

मी तडक कचेरीत गेलो. मामा चहा पीत होता. तुला हे माहीत होतं का, विचारलं. त्याने बशी खाली ठेवली, दार लावून घेतलं.

"हे बघ, पगार घेत नाही, रजा मागत नाही, उलट बोलत नाही. शिका काहीतरी."

"मामा, तो मेलाय."

"म्हणून तर म्हणतो." मग जरा ओशाळला. "मशिन मोडलं तर तो तरी काय करील बिचारा. म्हणून तुला बोलावलं. नवीन मशिनपुढे मुकाट बसणारं कुणी मिळालं तर बघायचंच आहे. तू मोकळाच असतोस की."

हे आमचे वडीलधारे. जिवंतपणी एका माणसाला जिन्याखाली कोंबला, मेल्यावरही ड्यूटी लावून ठेवली, आणि त्याच्यानंतरच्या खुर्चीसाठी भाचा हेरून ठेवला. मला त्या भुताची भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण यांचा राग त्याहून मोठा होता. रागात माणूस काम झपाट्याने करतो आणि कच्चं करतो.

मी ठरवलं, खुर्चीत कुणीच बसणार नाही. दोन ओळींचा एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा. समोरून प्रश्न आला की त्याने 'आहे' म्हणायचं. बस. सिस्टर म्हणाल्या होत्या, मशिनवर मशिनचा पहारा नको. मी म्हटलं, आजचं मशिन म्हाताऱ्याच्या वेळचं नाही. पडलं तर आपलं आपण उठतं.

त्या खोलीत बसून लिहायची छाती नव्हती. ते दोन ओळींचं मी मामाच्या कचेरीतल्या विंडोजवर लिहिलं आणि तसंच नव्या मशिनवर नेऊन टाकलं. काकाचा प्रोग्रॅम आणि माझा, दोन्ही गोष्टी कायमच्या बसवल्या. कुणी लॉगिन करो न करो, मशिन सुरू झालं की उठणार, पडल्या की पुन्हा उठणार. खरं तर यांच्यासाठी वेगळं खातं काढायला हवं होतं. कंटाळा केला. माझ्याच खात्यावर, माझ्याच नावाने चालू केलं.

वायर उपसून बघितली, मशिन बंद करून बघितलं. प्रत्येक वेळी सगळं आपोआप वर आलं. प्रश्न आला, उत्तर आलं. मग वॉर्डातली बटणं नव्या मशिनला जोडली.

शेवटी जुनं मशिन बंद करायला घेतलं. स्क्रीनवर नुकताच प्रश्न आला होता. मी बटण दाबून धरलं. उत्तर आलं नाही. पंखा हळूहळू थांबला आणि खोलीतला लवंगेचा वास एकदम गेला. कुणीतरी उठून, माझ्या अंगाला अंग न लावता, बाहेर पडल्यासारखा.

"सुटलास, काका," मी म्हणालो.

वर जाऊन बाबांच्या खाटेशी उभा राहिलो. त्यांचा अंगठा धरून बटण दाबलं. सिस्टरच्या टेबलावर खूण उमटली. "आता बंद पडणार नाही," मी त्यांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. झोप आली होती की मी नको होतो, त्यांनाच ठाऊक.

त्यानंतर मला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. सर्व्हर सांभाळायचीच. पदवी कुणी विचारली नाही. एका उंच इमारतीत खोली घेतली. आईला फोनवर पत्ता सांगितला, मामाला काहीच सांगितलं नाही. बाबांचं शुश्रूषागृह तिथून रात्रभराच्या प्रवासावर. म्हणजे छान लांब.

एका सुट्टीच्या दुपारी, कपडे वाळत घालून झाल्यावर, सहज म्हणून मी तिथल्या मशिनवर लांबूनच लॉगिन केलं. सगळं व्यवस्थित. घंट्या येत होत्या. प्रश्न, उत्तर. प्रश्न, उत्तर. मी चहाचा घोट घेतला आणि मग उत्तर नीट वाचलं.

आहात का?
आहे ना.

मी 'ना' लिहिलेला नव्हता.

माझा दोन ओळींचा प्रोग्रॅम उघडला. त्यात 'आहे' एवढंच होतं. मग तो चालतोय कसा ते बघितलं. चालतच नव्हता. विंडोजवर लिहिलेल्या फायलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य खूण राहते. लिनक्स ती खूण त्या ओळीतल्या नावाचा भाग समजतो, म्हणतो, असलं काही इथे नाही, आणि दार लावतो. नवशिक्यासारखी चूक. कचेरीत लिहिलेलं मी पुसून घ्यायला विसरलो होतो. बसवल्यापासून माझा प्रोग्रॅम एकदाही उठला नव्हता. एकदाही नाही.

उत्तरं मात्र बसवल्यापासून येत होती. माझ्या खात्यावर. माझ्या नावाने.

मी सिस्टरना फोन लावला.

"जिन्याखालच्या खोलीत कुणी आहे का, जरा बघता?"

"चेष्टा करतोस होय रे म्हातारीची?" त्या हसल्या. "तूच आहेस की."

"मी…"

"मग काय दुसरं कुणी? आत्ताच जिन्यात आडवा गेलास. बाकी काही म्हण, सुधारलास तू. आधी बापाच्या तोंडाकडे बघत नव्हतास, आता घंटी पुरती वाजायच्या आत हजर. कफ काढायलासुद्धा शिकलास. मला उठावंच लागत नाही."

"सिस्टर, मी तिकडे नाहीये. मी इथे माझ्या खोलीत आहे. कित्येक आठवड्यांत तिकडे आलेलो नाही."

पलीकडून नुसता वॉर्डातल्या पंख्यांचा आवाज. मग फोनमध्ये घंटी ऐकू आली, आणि त्याच क्षणी माझ्यासमोरच्या स्क्रीनवर ओळ उमटली. खिडकीजवळची खाट. तिच्याखाली, कुणी काही विचारलेलं नसताना, आणखी एक शब्द.

आलोच.

"सिस्टर?"

"आला…" आवाज इतका खाली गेला होता की मी फोन कानात रुतवला. "बाबांजवळ बसलाय."

"नीट बघा. मी आहे का तो?"

"पाठमोरा आहे… शर्ट तुझाच… थांब. मान वळवतोय." मग त्यांचा श्वास ऐकू आला, आखूड आखूड. "विचारतोय… फोन कुणाचा आहे."

फोन बंद झाला. पुन्हा लागला नाही.

मिळाली ती पहिली गाडी धरली. पोचलो तेव्हा चांगलं लख्ख ऊन होतं. मोठ्या सिस्टर टेबलावर नव्हत्या. बहिणीकडे गेल्या, कधी येतील माहीत नाही, असं आया म्हणाली, आणि माझ्याकडे बघून नेहमीसारखी हसली. ते नेहमीसारखं हसणं मला खटकलं. या आयाला मी पहिल्यांदा बघत होतो.

बाबा उशीला टेकून बसवलेले होते. दाढी गुळगुळीत केलेली, नखं कापलेली, चादरीला एक चुणी नाही. गालांवर रंग आला होता. इतके बरे ते झटक्यानंतर कधीच दिसले नव्हते. मी खाटेजवळ गेलो.

"बाबा, मी आलोय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला त्यांच्या सगळ्या नजरा पाठ आहेत, रागाच्या, लाजेच्या, तुझ्यापेक्षा शेजारचा बरा म्हणणाऱ्या. ही त्यातली नव्हती. चुकून आपल्या घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे बघावं, तसं ते बघत होते. मग त्यांच्या अंगठ्याने बटण दाबलं. सोडलं नाही. दाबून धरलं.

"बाबा… मी आहे. खरंच मी आहे."

अंगठा पांढरा पडला इतका दाबला होता. आणि खालून जिन्यावर पावलं वाजली. दोन दोन पायऱ्या एकदम चढणारी. तसं चढू नको म्हणून मी लहानपणी कितीदा बोलणी खाल्लीयेत.

बाबांनी माझ्यावरची नजर काढून दाराकडे लावली. वाट बघणारं त्यांचं तोंड मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

वॉर्डाला मागे एक दार आहे, बाहेर लोखंडी जिना. मी ते उघडून बाहेर पडलो, ओढून घेतलं आणि तिथेच थांबलो, दाराला कान लावून. आत समोरचं दार उघडलं. पावलं आली. खाटेशी थांबली. स्टूल सरकलं.

"आलास?"

बाबांचा आवाज. स्वच्छ, मुख्याध्यापकाचा, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. वाचा परत येणं शक्य नाही, असं सगळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं आहे.

मला तो प्रश्न त्यांनी कधीच असा विचारला नव्हता.

परत आलो. सगळं माझ्या हातात आहे, हे मला पुरतं माहीत आहे. इथून एक ओळ टाइप केली की माझं ते खातं बंद. प्रोग्रॅम थांबेल, दिवे विझतील, भोंगा वाजेल, आणि ते जे काही बसलंय ते उठेल. ती ओळ मी कितीदा लिहिली आणि पुसली. वॉर्डात आता मोठ्या सिस्टर नाहीत. त्यांच्या जागी मामाने स्वस्तातली एक मुलगी आणलीये, ती म्हणे कानात गाणी लावून बसते. घंटी वाजली तर ती उठेल का? ते उठतं. ते आल्यापासून बाबा एकदाही गुदमरलेले नाहीत. मी मुलगा म्हणून जे केलं नाही ते ते करतं, आणि न कुरकुरता करतं. मामा तर खूष आहे. "शेवटी बसलास खुर्चीत," असा निरोप पाठवला त्याने.

आज दुपारी आईचा फोन आला.

"काल जेवून का नाही रे गेलास?"

"कुठून?"

"घरून, आणखी कुठून. दारातच उभा. आत ये म्हटलं तर घाईत आहे म्हणालास."

"आई… मी काल आलो नव्हतो."

"बरं बाबा, नव्हतास. तुमच्या बापलेकांशी वाद कोण घालणार." भांड्यांचा आवाज आला, ती काहीतरी विसळत होती. "पण कामाचं इतकं काय डोक्यात घेतोस? स्वतः राहतोस त्या खोलीचा पत्ता आईला विचारायची वेळ यावी?"

"…दिलास?"

"दिला की. कागदावर नीट लिहून दिला. मजलासुद्धा."